कचराकुंडीत सेन्सर बसवल्याने गाडीच्या फेऱ्या खरंच कमी होतात का?

हो, कमी होतात, विशेषतः सुक्या कचऱ्याच्या. झाकणाच्या आत बसवलेला सेन्सर खाली अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतो. त्या लहरींना कचऱ्यावर आदळून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून कुंडी किती भरली ते कळतं. काच, कागद, जुने कपडे यांच्या कुंड्या कधी भरतील याचा नेम नसतो, त्यामुळे ठरलेल्या वारी गाडी पाठवणं म्हणजे बरेचदा नुसतं डिझेल जाळणं. ओला कचरा मात्र कुंडी अर्धी असली तरी कुजायच्या आत उचलावाच लागतो, तिथे फारशी बचत नाही. शिवाय एखादं खोकं तोंडाशी आडवं अडकलं, तर जवळजवळ रिकामी कुंडीही भरलेली दिसते. चालकाला ती नोंद तिथल्या तिथे दुरुस्त करता यायलाच हवी.