गॅरेजमध्ये स्वतःच टीव्हीचा लाकडी स्टँड बनवतोय. ५५ इंची टीव्हीसाठी लाकूड किती जाड घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की हे तुमचं पहिलंच मोठं काम आहे, हाताशी सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवरची करवत), ड्रिल आणि दोन-चार क्लॅम्प आहेत, आणि दीड इंची फळ्या वजन पेलतील का ही धास्ती आहे. एवढ्या अवजारांत काम नक्की होईल. पण जाडीची काळजी मी सगळ्यात शेवटी केली असती.

आताचे टीव्ही हलके असतात. ५५ इंची टीव्ही बहुधा वीस किलोंच्या आतच भरतो आणि तेवढं ओझं १८ मिलिमीटरचं चांगलं प्लायवूड सहज पेलतं. स्टँड बिघडतो तो वेगळ्याच दोन कारणांनी: एक तर तो आडवा डुलतो, नाही तर लांब फळीला मधोमध झोळ पडतो.

माझा पहिला स्टँड डुलायचा. फळ्या जाडजूड, चार भक्कम पाय, मागून पूर्ण उघडा. वजनाची तक्रार नव्हती, पण कडेला हात लागला की वरचा टीव्ही हलताना दिसायचा. मी जास्तीचे स्क्रू मारले, कोपऱ्यांत लोखंडी पट्ट्या बसवल्या, तरी फरक जेमतेम. शेवटी मागे ६ मिलिमीटरचं प्लाय गोंद आणि स्क्रूंनी चारही कडांना बसवलं आणि डुलणं त्याच दिवशी थांबलं. नुसत्या चौकटीचे कोपरे जरासे फिरले की ती तिरकी होते. पाठ लावली की तिरकं होण्यासाठी ते अख्खं प्लाय ताणावं लागतं, आणि प्लाय तसं ताणलं जात नाही. म्हणून पातळ असली तरी पाठ हवीच.

पाठ बंद केली तर सेट-टॉप बॉक्स किंवा गेमिंग कन्सोल तापेल, ही शंका रास्त आहे. तीन कप्पे करा, कडेच्या दोन कप्प्यांना पाठ लावा आणि मधला मागून मोकळा ठेवा. दोन बंद कप्पे चौकट ताठ ठेवायला पुरतात. तापणारी यंत्रं मधल्या कप्प्यात ठेवा, वर चार-पाच सेंटिमीटर जागा सोडून. वायरींसाठी कप्प्यांमधल्या उभ्या फळ्यांना मागच्या बाजूने ६० मिलिमीटरची गोल भोकं पाडा, म्हणजे प्लग अडकणार नाही. पुढे लाकडी दारं लावणार असाल तर रिमोटचे इन्फ्रारेड किरण लाकडातून जात नाहीत, हे आधीच ध्यानात घ्या.

आता झोळ. आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर तेवढ्याच वजनाखाली फळी आठव्या हिश्श्याएवढीच वाकते. जाडी दुप्पट करूनही तेवढाच फायदा होतो, पण लाकूड दुप्पट लागतं. शिवाय कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकतच राहतं, त्यामुळे पहिल्या दिवशी सरळ दिसलेल्या फळीवर भरवसा ठेवू नका. दीड मीटर लांबीत दोन उभ्या फळ्या आल्या की प्रत्येक कप्पा अर्ध्या मीटरच्या आतला होतो आणि झोळाचा प्रश्नच मिटतो. वरच्या फळीच्या पुढच्या कडेखाली दोन इंची लाकडी पट्टी उभी चिकटवलीत तर आणखी उत्तम. प्लायची कडही झाकली जाते.

मापं काढताना आधी सोफ्यावर नेहमीसारखे बसा आणि जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची कुणाकडून तरी मोजून घ्या. ती साधारण १०० सेंटिमीटरच्या आसपास निघते. पडद्याचा मध्य तिथे किंवा किंचित खाली यावा. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे टीव्हीच्या पायांची उंची धरून स्टँड ५० ते ६० सेंटिमीटर उंच येतो. टीव्हीचे पाय एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हेही मोजा. बऱ्याच टीव्हींचे पाय अगदी टोकांना असतात आणि ते पूर्ण फळीवर टेकले पाहिजेत.

स्टँडची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, ४० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे आठ बाय चार फुटांचं एकच प्लाय पुरतं. त्याची रुंदी १२२ सेंटिमीटर. लांबीच्या दिशेने ४० च्या तीन पट्ट्या आणि दोन कापांत पात्याने खाल्लेले प्रत्येकी सुमारे ३ मिलिमीटर धरले तरी थोडं शिल्लक राहतं. खोली ४१ केली की तिसरी पट्टी निघत नाही. उभ्या फळ्या, खालची फळी आणि वरची फळी या पट्ट्यांतूनच निघतात. पाठीसाठी ६ मिलिमीटरचं प्लाय तेवढं वेगळं घ्या. कापताना सर्क्युलर सॉ नुसत्या हाताने सरळ चालत नाही. सरळ कडेची एक पट्टी क्लॅम्पने बांधा आणि करवत तिला टेकवून चालवा.

राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) नसेल तर सांध्यांसाठी गोंद आणि ४ बाय ५० मिलिमीटरचे स्क्रू पुरे. मात्र प्लायच्या कडेत स्क्रू घालण्याआधी ३ मिलिमीटरचं भोक पाडाच, नाही तर थर सुटतात. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर जास्त लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर क्लॅम्प लावून हळूहळू आवळा आणि बरोबरीला आणा. पाठ त्यानंतरच बसवा. एकदा पाठ बसली की काटकोन कायमचा, आणि चूकही कायमचीच.

गॅरेजची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पाणी बाहेर जावं म्हणून तिथली जमीन बऱ्याचदा दाराकडे उतरती केलेली असते. अशा जमिनीवर पाय तपासून घासत बसलात तर घरात नेल्यावर स्टँड नक्की डुगडुगेल. सुतारकामाच्या दोन घोड्यांवर (काम ठेवायच्या उंच तिवयांवर) एक सपाट फळी ठेवा, लेव्हलने समतल करा आणि जुळणी त्यावरच करा. प्लायसुद्धा थेट काँक्रीटवर टेकवून ठेवू नका, ते ओल धरतं.

घासायला १२०, १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर. मास्क नक्की लावा. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय. फिनिशसाठी जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात बुडवून ठेवा.

घरात लहान मुलं असतील तर टीव्ही मागून पट्ट्याने भिंतीला बांधा आणि स्टँडही भिंतीत स्क्रूने पकडा. उघडे खण मुलांना पायऱ्यांसारखे वाटतात आणि ती सरळ त्यांवर चढतात. टीव्ही भिंतीवर टांगण्यासाठी त्याच्या पाठीला जी भोकं असतात, त्यांना हा पट्टा जोडता येतो. त्यासाठी योग्य मापाचा स्क्रू टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. जास्त लांब स्क्रू आत गेला तर पडदा खराब होऊ शकतो.