काळा धूर, काळे प्लग

प्रश्न : माझी बारा वर्षांची पेट्रोल गाडी काळा धूर सोडते. अ‍ॅव्हरेज पंधरावरून दहावर आलं. प्लग बदलले, पण आठवड्यात पुन्हा काळे. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, प्लगवर हाताला लागणारी कोरडी काजळी असेल तर गाडी रिच चालतेय. वजनाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल हवं, तुमच्याकडे ते जास्त जातंय. आधी एअर फिल्टर बघा. मग गाडी वीस मिनिटं चालवून स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे दाखवणारं यंत्र) कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान वाचा. ते नव्वद अंशांच्या आसपास हवं. परवा माझ्याकडच्या एका गाडीचं इंजिन हात लावू देत नव्हतं आणि स्कॅनर 24 दाखवत होता! कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला, गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड समजून पेट्रोल ओतत होता. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला आत्ताच हात लावू नका. पण उशीरही नको, जादा पेट्रोलने सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.