शैवालाचे नमुने परदेशी पाठवताना

प्रश्न: उष्ण कटिबंधातल्या एका बेटावरच्या विद्यापीठाबरोबर आम्ही समुद्री शैवालांवर काम करतो. तिकडून आलेल्या नमुन्यांतून डीएनए नीट निघत नाही. काय चुकत असेल?

उत्तर: बहुधा वाळवण. शेंड्याकडचा नखाएवढा तुकडा घ्या. त्यावर चिकटलेली बारीक शैवालं मऊ ब्रशने काढा, नाहीतर त्यांचाच डीएनए हाती येतो! टिपकागदाने पाणी टिपून वजनाच्या किमान १० पट सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांमध्ये, ठेवा. दमट हवेत जेल लवकर ओलं होतं. निळे दाणे गुलाबी झाले की लगेच बदला. फॉर्मॅलिन अजिबात नको, त्यात डीएनए खराब होतो.

परवानगीचं मात्र आधी बघा. दुसऱ्या देशातली जैविक संसाधनं वापरणं आणि त्यातला लाभ वाटून घेणं याबद्दलचा आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१४ पासून लागू आहे. त्या देशाची संमती लागत असेल तर ती नमुने गोळा करण्यापूर्वीच हवी. आणि त्याच शैवालाचा दाबून वाळवलेला एक जोडनमुना बेटावरच्याच संग्रहात राहू द्या. तो त्यांचा हक्क आहे.