लिनक्स शिकायचंय? विंडोज राहू दे तिथेच

पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे तुकडे पाडायच्या भानगडीत आत्ताच पडू नकोस. व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आतच दुसरा, आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाक आणि त्यात लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती चालव. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही ती बरी पळते. पण आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' दिसतंय का बघ. नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ते चालू कर, नाहीतर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

या आभासी मशीनला रॅम ४ जीबी दे. उदार होऊन ६ दिलीस तर विंडोजच धापा टाकायला लागेल. डिस्क २५-३० जीबी पुरे, डायनॅमिक ठेव, म्हणजे लागेल तेवढीच जागा खाते. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समज, हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन यंत्रणा) आड आलंय आणि मशीन रखडणार. (चिन्ह मात्र झकास निवडलंय!)

माउस आत अडकला की उजवं कंट्रोल दाब. स्क्रीन छोटीच राहिली तर लिनक्समध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे जोड-ड्रायव्हर) टाक.

सगळं नीट चालतंय म्हटलं की लगेच स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घे. मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) खुशाल मोडतोड कर, चुटकीसरशी मागे येता येतं. फक्त स्नॅपशॉटला बॅकअप समजू नकोस. कामाच्या फाइली शेअर्ड फोल्डरमधून विंडोजकडे काढून ठेवत जा.