फिल्टरवर ०.३ लिहिलंय, तरी मुलगी त्यातून बारीक अक्षरं वाचते. फिल्टर खोटा आहे का?

ताई, खोटा नाहीये, पण तो आकडा फार मनावर घेऊ नका. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी, लहान मुलांच्या चष्म्यांवर हे फिल्टर चिकटवायचं काम बरीच वर्षं करतेय आणि हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी आई विचारतेच.

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेपाच वर्षांची आहे, डावा डोळा आळशी (म्हणजे मेंदू त्याचा वापर टाळतो), चष्मा लावून त्याने ६/२४ दिसतं (नॉर्मल डोळा २४ मीटरवरून वाचतो ते तिला ६ मीटरवरून), आणि डावा डोळा कामाला लागावा म्हणून उजव्या चांगल्या डोळ्याच्या काचेवर धूसर करणारा ०.३ चा फिल्टर लावलाय. तुम्ही डावा डोळा झाकून घरच्या चार्टवर वाचायला लावलं तर तिने पटापट खालच्या ओळी वाचल्या.

हे बांगर्टर फिल्टर, स्वित्झर्लंडच्या बांगर्टर नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरांवरून नाव पडलंय. पातळ प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यात अगदी सूक्ष्म बुडबुडे असतात, त्यांच्यामुळे प्रकाश विखुरतो, आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते ना तसं. बुडबुडे जास्त तितकं जास्त धूसर. ०.३ चा अर्थ एवढाच की नॉर्मल डोळ्याला यातून साधारण ६/१८ ते ६/२० दिसायला पाहिजे, ०.२ म्हणजे ६/३०, ०.१ म्हणजे ६/६०. कागदावर. प्रत्यक्षात मोजलं की आकडे बरेच इकडेतिकडे होतात, आणि शेजारशेजारच्या दोन नंबरात कधी कधी फरकच सापडत नाही. मी हौसेने माझ्या स्वतःच्या चष्म्यावर ०.३ लावून बघितला होता, वाटलं होतं आता काही दिसणार नाही, पण चार्ट छापलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त वाचता आला!

आणि यात अजून एक गोम आहे. चष्म्याचा नंबर चुकला की अक्षराच्या कडा पसरतात, फिल्टरने मात्र सगळ्यावर पांढुरकी साय आल्यासारखं होतं, म्हणजे मार खातो तो कॉन्ट्रास्ट, गडद-फिक्यातला फरक. चार्टवरची अक्षरं पांढऱ्यावर ठळक काळी असतात त्यामुळे ती बऱ्यापैकी टिकून राहतात, पण वहीतलं फिकट पेन्सिलचं अक्षर, संध्याकाळी जिन्याची पायरी, असलं काही आधी गायब होतं. म्हणून चार्टवर चांगलं वाचलं म्हणजे फिल्टर काहीच करत नाही असं नसतं. त्यात घरचा चार्ट, अंतर नीट सहा मीटर होतं का, मोबाइलच्या स्क्रीनवर तर नव्हता ना, आणि पोरं चार्ट पाठ करतात हो, नाहीतर मान खाली घालून फ्रेमच्या वरून बघतात, आपल्याला कळतही नाही.

खरा प्रश्न एकच असतो, फिल्टर लावल्यावर चांगल्या डोळ्याची नजर आळशी डोळ्यापेक्षा कमी झाली का. तिचा डावा ६/२४ आणि फिल्टरमधून उजवा समजा ६/१२ बघत असेल, तर मेंदू कशाला डाव्याकडे वळेल, तो आरामात उजव्यानेच काम भागवणार आणि चष्मा नुसता नाकावर. २०१० साली अमेरिकेत १८६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३ ते १० वर्षांची मुलं होती, त्यात आळशी डोळा ६/१२ ते ६/१८ च्या आसपास असेल तर ०.३ आणि ६/२४ असेल तर ०.२ लावला होता. त्या हिशोबाने तुमच्या मुलीला ०.३ थोडा हलका पडत असू शकतो, पण हे डॉक्टरांना विचारा, परस्पर ऑनलाइन मागवून बदलू नका प्लीज. त्यांना एवढंच सांगा की फिल्टर घालून उजव्या डोळ्याची नजर मोजून द्या, आणि दोन्ही डोळे उघडे असताना ती कुठल्या डोळ्याने बघते तेही बघा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

चांगला डोळा पूर्ण झाकणारी पट्टी जास्त चांगली का असंही विचारलंय तुम्ही. त्याच अभ्यासात २४ आठवड्यांनी रोज दोन तास पट्टीवाल्यांची नजर चार्टवर सरासरी २.३ ओळी सुधारली, फिल्टरवाल्यांची १.९, म्हणजे पट्टी किंचित पुढे पण मुलांना आणि आईबापाला त्रास फिल्टरचा कमी. शाळेत कुणी चिडवत नाही हा तर माझ्या मते निम्मा फायदा, कारण जी पट्टी दप्तरात काढून ठेवली जाते तिचा काय उपयोग.

हां, आणि फिल्म काचेच्या आतल्या बाजूला असते, तिथे नखाने कोपरा उचकटलाय का तेवढं आज रात्री ती झोपल्यावर बघून घ्या. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने पेन्सिलच्या टोकाने मधोमध बरोबर भोक पाडलं होतं आणि दोन महिने त्यातूनच बघत होता.