कोल्हापूरहून हिवाळ्यात एका दिवसात खाडी आणि तळी, दोन्हीकडचे पक्षी बघून होतील का?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीतला एखादा रविवार काढायचा आहे, आठवीतली मुलगी बरोबर असेल, दुर्बीण नवी आहे आणि सकाळी रंकाळा-कळंबा ही कोल्हापुरातली तळी उरकून दुपारी रत्नागिरीची खाडी गाठायचा बेत आहे. मी बारा-तेरा हिवाळे कोल्हापुरातून हेच करते आहे, म्हणून आधी सरळ सांगते: दोन्ही एका दिवसात करू नका. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण 130 किलोमीटर, घाट धरून तीन-साडेतीन तास. सकाळ तळ्यावर घालवून निघालात तर पोचेपर्यंत दीड वाजेल. तेव्हा तापलेल्या वाळूवरची हवा थरथरत असते आणि दुर्बिणीतून पक्ष्याऐवजी ती थरथरच दिसते. तळी आपल्या दारात आहेत, ती कुठल्याही सकाळी होतील. मोकळा रविवार खाडीला द्या.

पण कुठलाही रविवार नको. मी हे चुकूनच शिकले. पहिल्यांदा गेले तेव्हा फक्त सुट्टी बघितली होती. साडेअकराला रत्नागिरीच्या भाट्याच्या पुलाजवळ पोचले. पाणी मधेच कुठंतरी होतं, चिखल उघडा पडलेला नव्हता, आणि पलीकडं पाच-सहा पांढरे ठिपके. बस्स. राजिवड्याच्या बाजूला एक काका होडीच्या सावलीत जाळं सांधत बसले होते. त्यांना विचारलं, इथं पक्षी येत नाहीत का? त्यांनी सुई थांबवली नाही. म्हणाले, "आज अष्टमी ना. भांगाचं पाणी. ना धड चढत, ना धड उतरत. पाखरं बघायचीत तर दुजे-तिजेला या, सकाळी." घरातल्या कॅलेंडरवर तिथ्या मोजल्या आणि वद्य तृतीयेला परत गेले. तीच जागा, तोच पूल, पण या वेळी पुलाखालचा चिखल नुसता हलत होता.

कारण साधं आहे. खाडीतल्या पक्ष्यांचं ताट पाणी उतरल्यावर उघडतं. चिखलात किडे, शिंपले, बारीक खेकडे असतात आणि ओहोटीला ते खायला हे पक्षी लांबवर पसरतात. पाणी चढायला लागलं की चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि पक्षी पाण्याच्या पुढं पुढं सरकत काठाकडं, म्हणजे तुमच्याकडं येतात. तुम्ही एका जागी बसून राहायचं, पाणी त्यांना आणून देतं. म्हणून चढत्या पाण्याचे पहिले तीन-चार तास सगळ्यात चांगले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप उतरतं आणि खूप चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार थोडाच.

वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण, म्हणजे सव्वादोनला भरती. त्याच्या सहा तास आधी, आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पहाटे निघून साडेआठला पोचणाऱ्या कोल्हापूरकराला याहून सोयीची वेळ नाही. अष्टमीला हाच हिशेब सकाळी सहाला भरती दाखवतो, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा पाणी उतरत असणार आणि चढायला लागेपर्यंत दुपार होणार. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं प्रतिपदा ते चतुर्थी हे चार दिवस आपल्याला चालतात. महिन्यातून दोनदा हा योग येतो, पौर्णिमेनंतर आणि अमावास्येनंतर. त्यातला रविवार धरा. संकष्टी रविवारी आली तरी चालेल, फक्त मग उपवासाचा डबा न्या. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून आदल्या रात्री फोनवर रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघून घ्या.

पहाटे पाचला निघा. बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा. जानेवारीत ऊसतोड जोरात असते. अंधारात मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक समोर येतात, तेव्हा शाहूवाडीपर्यंत घाई नको. आंबा घाटाच्या आसपास धुकं असतं आणि रस्त्यावर गवाही येतो. मला दोनदा दिसला. गाडी थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, तो आपसूक जातो.

भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. एका जागी तीन वेगळ्या गोष्टी आहेत: पुलाच्या आतल्या बाजूला खाडीचा चिखल, मुखाशी वाळूचा दांडा, आणि पलीकडं सुरूच्या बनासमोरचा लांब किनारा. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून पाठ गावाकडं आणि तोंड समुद्राकडं ठेवलं की पक्ष्याच्या अंगावर पूर्ण उजेड पडतो. आतली खाडी सकाळी बघायला गेलात तर सगळे पक्षी काळे दिसतील, ती अकरानंतर बघा. तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि वाढलेल्या पाण्यानं पक्षीही आत ढकललेले असतात. पुलावर मात्र थांबू नका, वाहतूक फार आहे. खाली उतरा.

आता काय दिसेल. हिवाळ्यात बरेचसे किनारपक्षी करडे-मातकट असतात आणि पुस्तकातले रंगीत फोटो उपयोगी पडत नाहीत. मुलीला सांगा, रंग सोड, चाल बघ. चिखल्या, म्हणजे प्लोवर, डोळ्यानं शिकार करतो. चार पावलं तुरुतुरु धावतो, एकदम थबकतो, मान थोडी वाकडी करतो, आणि टचकन टोचून परत धावतो. तुतवार, म्हणजे सँडपायपर, थांबतच नाही, सारखी शेपटी वरखाली. लांब वाकड्या चोचीचे कर्ल्यू आणि व्हिंब्रेल चोच चिखलात पार आत घालतात, त्यांना टोकाच्या स्पर्शावरून खाली काय आहे ते कळतं. व्हिंब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे असतात आणि चोच आखूड, एवढ्यावर दोघं वेगळे करता येतात. लाटेच्या कडेनं एक पांढुरका घोळका लाट आली की मागं आणि गेली की पुढं पळताना दिसला तर तो सँडरलिंग. तो उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून आलेला असतो. समुद्र बगळा राखी आणि पांढरा अशा दोन्ही रंगात असतो, त्याला गायबगळा समजू नका.

आणि कुरव, म्हणजे सीगल. दांड्यावर बसलेला थवा बहुतेक तपकिरी डोक्याच्या कुरवांचा असतो, पण हिवाळ्यात डोकं तपकिरी नसतं. पांढऱ्या डोक्यावर कानामागं एक काळसर डाग, तेवढंच. एकदा मी वाळूवर पोटावर झोपून दुर्बीण लावली होती आणि एक कुरव वीसेक पावलांवर आला. डोळ्याची फिकट पिवळी बुबुळं, लाल चोचीचं काळं टोक, पंखाच्या काळ्या टोकातले पांढरे ठिपके, सगळं स्पष्ट. हे पक्षी लडाख-तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी घरटी करतात आणि हिवाळा काढायला आपल्या समुद्रावर येतात. त्या दिवशी त्यानं पंख झाडला तेव्हा त्याचा वारा वाळूवर उमटला, मी तो बघितला.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. पूर्ण भरतीला जेव्हा बसायला जागा उरत नाही, तेव्हा सगळे पक्षी त्या दांड्यावर दाटीनं, एका पायावर, चोच पाठीत खुपसून बसतात. तो त्यांचा विसाव्याचा वेळ. पुन्हा चिखल उघडेपर्यंत काही खायला मिळणार नाही, मार्च-एप्रिलमधल्या परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची आहे, आणि तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी धावत जाऊन थवा उडवतं. मग पुन्हा बसतात, पुन्हा कुणी उडवतं. मुलं असं करतात तेव्हा आईवडील हसून व्हिडिओ काढतात, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं. तुमच्या मुलीला आधीच सांगून ठेवा. पक्ष्यांनी माना वर केल्या की आपण जवळ आलो, दोन पावलं मागं. कुरवांना फरसाण, गाठी काही टाकू नका.

जपायचं तेही सांगते. चढतं पाणी दांड्याच्या मागच्या बाजूनं आत शिरतं, आणि समोरच्या पक्ष्यांत गुंतलेल्या माणसाला ते कळत नाही. मुलीला घेऊन दांड्याच्या टोकापर्यंत जाऊ नका. आतल्या खाडीतला चिखल वरून टणक दिसतो, पण गुडघाभर पाय जातो. टोपी, पाणी, मातकट रंगाचे कपडे पुरेत. दुर्बीण कुठली ते तुम्ही लिहिलं नाही, पण आठ बाय बेचाळीसची असेल तर मुलीच्या हातातही स्थिर राहील.

दीडपर्यंत आवरा, रत्नागिरीत जेवा आणि अडीचला निघा, म्हणजे घाट उजेडात चढून होईल.

तळ्यांचं थोडक्यात. रंकाळा गावाच्या पश्चिमेला, त्यामुळं सकाळी सातला गावाकडच्या काठावर उभं राहिलं की ऊन पाठीमागून. वारकरी (म्हणजे कूट), पाणकावळे, केंदाळात जांभळ्या पाणकोंबड्या, टिबुकल्या. फिरायला येणाऱ्यांची सवय असल्यानं पक्षी फार बुजत नाहीत, नवी दुर्बीण हाताळायला याहून चांगली जागा नाही. खाडीला जायच्या आधीचे दोन रविवार इथंच या, म्हणजे भाट्याला पोचल्यावर फोकस शोधण्यात वेळ जाणार नाही. कळंबा जास्त शांत, तिथं हळदी-कुंकू बदक बघायला मिळेल, नशीब असेल तर थापट्याही.

आणि शिरोळकडं कधी गेलात तर क्षारपड झालेली रानं बघा. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून जमीन खारावली, पाणी निचरत नाही, पीक येत नाही. अशा एका रानात मी सत्तर-ऐंशी शेकाटे आणि काळे शराटी बघितले, आणि बांधावर त्या रानाचे मालक उभे होते. त्यांनी विचारलं, काय बघताय? मी दुर्बीण दिली. बराच वेळ बघून म्हणाले, "माझ्या आज्जाच्या वेळी इथं शाळू होता." मला काही बोलता आलं नाही. अशा रानात विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. विचारलंत तर बहुतेक जण बांधावर उभं राहू देतात, आणि कुठला पक्षी कधीपासून यायला लागला हेही सांगतात.