रत्नागिरीहून पायी पंढरपूर: ट्रेकिंग पोल घ्यावेत की घरची काठी?

रामकृष्ण हरी, ताई.

तुम्ही विचारलंय की माघी वारीला रत्नागिरीकडच्या दिंडीबरोबर पहिल्यांदाच पंढरपूरला चालत जायचंय, वय पंचावन्नच्या पुढे, उंची पाच फूट एक इंच, उतरताना उजवा गुडघा दुखतो. मुलगा कार्बनच्या महागड्या ट्रेकिंग पोलची जोडी घेऊन देतोय, ती घ्यावी की घरची काठी पुरे? आधी उत्तर सांगते: आधार जरूर घ्या, कार्बनचा घेऊ नका, आणि दिंडीच्या ओळीत चालताना एकच काठी हातात ठेवा.

दुकानात तुम्हाला हिमालयातल्या वाटांचा विचार करून पोल दाखवतील. आपली वाट तशी नाही. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा, मग आंबा घाट चढून मलकापूर, कोल्हापूर आणि पुढे सगळा देश, म्हणजे घाटावरचा मुलूख. तुमच्या दिंडीचे मुक्काम थोडे इकडेतिकडे असतील, पण तीनशे किलोमीटरच्या आसपासची ही चाल जवळजवळ सगळी डांबर नाहीतर काँक्रीटवरची आहे, आणि तीही माणसांच्या गर्दीत. म्हणून काठी निवडायची ती या रस्त्यासाठी आणि शेजारच्या माउलीचा विचार करून.

गुडघ्याचं आधी सांगते. उतारावर काठीचा उपयोग होतो हे नुसतं सांगोवांगी नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ अंशांच्या उतारावर माणसांना पोल घेऊन आणि पोलशिवाय चालवून गुडघ्यावरचा भार मोजला होता. दोन पोल घेतल्यावर तो १२ ते २५ टक्के कमी भरला. आपला रस्ता एवढा तीव्र नाही, त्यामुळे तितक्याच फरकाची अपेक्षा धरू नका. सपाटीवर फायदा त्याहून कमी. तिथे हातही काम करतात, म्हणून दम कमी लागेल असंही नाही, मात्र तोल सांभाळला जातो आणि दिवस कलल्यावर पाय ओढायला लागतात तेव्हा आधार मिळतो. तुमचा गुडघा त्रास देईल तो आंबा घाटात नाही, कारण जाताना आपण घाट चढतो आणि परत बहुतेक जण गाडीने येतात. त्रास होईल तो साखरप्याच्या अलीकडे, जिथे रस्ता सारखा वर-खाली होतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन मुक्कामांतच, अंगाला चालीची सवय व्हायच्या आधी. तिथे गुडघा जपलात तर पुढचा देश सोपा जातो.

आता कार्बन का नको. ते हलकं असतं हे खरं. पण दिंडीत काठीचे हाल होतात. ट्रकमध्ये वळकट्या, पातेली आणि ताडपत्र्यांखाली ती दबते, मुक्कामाच्या शाळेत कुणाचा तरी पाय पडतो. कार्बनला एकदा खोल चरा गेला की नंतर भार पडताच ते एकदम मोडतं, तेही नेमका तुम्ही भार टाकलेला असताना. अॅल्युमिनियम वाकतं, पण वाकलं तरी मुक्कामापर्यंत साथ देतं. जोडीमागे शे-दीडशे ग्रॅम वजन जास्त झालं तरी चालेल. मुलाचे वाचलेले पैसे चांगल्या बुटांना लावा, त्यांची गरज काठीपेक्षा जास्त आहे.

लांबी कमी-जास्त करण्याचे दोन प्रकार मिळतात. एकात नळी पिळून घट्ट करायची, दुसऱ्यात बाहेरून खटका दाबायचा. खटक्याचाच घ्या. पिळायच्या जोडाला आपली दमट हवा आणि वाळूचे कण मानवत नाहीत. घट्ट झाला असं वाटतं आणि भार टाकल्यावर नळी आत सरकते. दुकानातच खटका लावून, दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून बघा. सरकली तर खटक्याचा स्क्रू थोडा आवळून पुन्हा बघा, आणि तरीही सरकली तर ती काठी घेऊ नका. नळीवर जास्तीत जास्त लांबीची खूण असते, तिच्या पलीकडे कधी ओढू नये.

मूठ कॉर्कची किंवा फोमची असावी. गुळगुळीत रबरी मुठीवर घामाने तळहाताला फोड येतात. स्प्रिंगचा शॉकअॅब्झॉर्बर नको, वजन आणि किंमत वाढते फक्त.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते टोक, आणि तेच कुणी नीट सांगत नाही. पोलचं मूळ टोक टंगस्टन कार्बाइडचं असतं, म्हणजे अतिशय कठीण आणि टोकदार. आपल्या जांभ्याच्या सड्यावर ते छान रुततं, पण डांबरावर टकटक वाजत घसरतं आणि मनगटाला हादरे बसतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दिंडीत कितीतरी माणसं अनवाणी चालतात. तुमच्या पुढच्या आजींच्या टाचेवर ते टोक पडलं तर त्यांची वारी तिथेच थांबेल. म्हणून रबरी टोपी घालूनच दिंडीत शिरायचं आणि पंढरपूरपर्यंत ती काढायची नाही. डांबरावर रबर झिजतं, आतून टोक डोकावायला लागतं, म्हणून रोज मुक्कामाला पोचलात की काठी उलटी धरून टोपी बघा. जादा टोप्यांचा एक जोड निघतानाच पिशवीत ठेवा आणि त्या तुमच्या काठीला बसतात हे घरीच तपासा, कारण वाटेत त्या मापाच्या मिळतील याची खात्री नाही.

एक की दोन? घाटात आणि ओळ सुटी झाल्यावर दोन उत्तम. पण ओळीत नको. टाळ हातात असेल तर एकही नको, तेव्हा काठी मिटून दोरीने पाठीला अडकवायची. डोक्यावर तुळस घ्यायची पाळी आली तर एक हात तिच्याकडे जातो, दुसऱ्या हातात काठी राहू शकते. तुमचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात धरा, उजव्या पावलाबरोबर ती पुढे टेकवा. दिंडी रस्त्याच्या डाव्या कडेने चालत असेल तर ओळीचं डावं टोक मागून घ्या. तिथे काठी कुणाच्या पायात येत नाही आणि गाड्यांच्या बाजूलाही नसते. विणेकरी किंवा ओळ लावणाऱ्या माउलींना गुडघ्याचं कारण सांगितलं की कुणी नाही म्हणणार नाही. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डावीकडची काठी दोनेक सेंटिमीटर लांब ठेवली तर खांदा झुकत नाही. साइडपट्टीच्या सुट्या खडीवर मात्र भार टाकू नका.

तुमच्या उंचीला लांबी साधारण १०५ सेंटिमीटर येते. बूट घालून उभं राहा, टोक पायाशेजारी टेकवा, कोपर काटकोनात आलं की माप बरोबर. लांब चढाला पाच सेंटिमीटर कमी करा, उताराला तेवढीच वाढवा. हात पट्ट्यात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. असं केलं की भार पट्ट्यावर येतो, बोटं आवळून धरावी लागत नाहीत. ओल्या उतारावर आणि पायऱ्यांवर मात्र हात पट्ट्यातून काढून घ्या, पडलं तर अंगठा अडकून दुखावतो.

घरच्या काठीबद्दल. परड्यात माणगा बांबू असेल तर मला ती काठी मनापासून आवडते. माणगा जवळजवळ भरीव असतो, म्हणून आपल्याकडच्या बांबूंमध्ये काठीला तोच. जून, सरळ कांडी तोडून सावलीत नीट वाळवा, पेरं घासून घ्या, मुठीच्या जागी सुती कापड गुंडाळा आणि लोखंडी शेंबीऐवजी औषधांच्या दुकानात मिळतं ते कुबडीचं रबरी बूच बसवा. लांबी छातीपर्यंत ठेवलीत तर चढाला खाली आणि उताराला वर धरता येते. अडचण एवढीच की ती मिटत नाही आणि टाळ हातात आले की ठेवायची कुठे हा प्रश्न पडतो. तुम्ही टाळकरी नसाल तर माणग्याची काठी पंढरपूरपर्यंत खुशाल न्या. टाळ धरणार असाल तर मिटणारी अॅल्युमिनियमची एक जोडी घ्या, डेकॅथलॉन दुकानातल्या केचुआ ब्रँडसारखी साधीसुधी चालेल. छत्रीच्या दांड्यासारखी एकात एक सरकणारी घ्या. दोरीने घडी होणारी पिशवीत मावते, पण तिची लांबी फारशी बदलत नाही आणि तुम्हाला उतारासाठी ती बदलायला लागणार.

निघायच्या आधी महिनाभर सराव करा. गणपतीपुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची, फरसबंद आणि चढउताराची आहे. उताराच्या सरावाला गावातली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट चांगली, फक्त शेवाळ असेल तिथे रबरावर विसंबू नका. पुळणीवर चालून आलात तर नळ्या सुट्या करून गोड्या पाण्याने धुवा, पुसून सावलीत वाळवा. वाळू आणि खारं पाणी आत राहिलं की अॅल्युमिनियमवर पांढरा थर येतो आणि नळ्या एकमेकींत अडकून बसतात. तेल लावू नका, खटका धरायचा नाही.

काठीच्या वरच्या भागावर चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी गुंडाळा. माघात पहाटे काळोखात निघावं लागतं, धुकं असतं आणि या रस्त्यावर ट्रकची वर्दळ मोठी आहे. त्याच पट्टीखाली मार्करने आपलं आणि दिंडीचं नाव लिहा, मुक्कामाला सगळ्यांच्या काठ्या एकाच कोपऱ्यात जातात.

आणि सरावात गुडघ्याला सूज आली किंवा तो मधेच अडकतोय असं वाटलं, तर काठी घेण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. माघीला अजून अवकाश असताना दाखवलंत तर व्यायामाला वेळ मिळेल.